दीड लाख किलोमीटर पळालेली डिझेल डिझायर: घेण्याआधी काय तपासावं

बजेट कमी आणि रोजचं रनिंग सत्तर-ऐंशी किलोमीटर असेल, तर २०१२ ते २०१७ मधली डिझेल डिझायर आजही घेण्यासारखी आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी १२४८ सीसीच्या या इंजिनाचे पार्ट सहज मिळतात आणि ते खोलणारे फिटरही. दीड लाख हा आकडा या इंजिनाला जड नाही. ऑइलची हयगय मात्र त्याला अजिबात सोसत नाही.

कारण यात व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. लेव्हल खाली गेली किंवा दहा हजारांना बदलायचं ऑइल वीस हजारांपर्यंत ओढलं, की चेन सैल पडते, झिजून लांबते आणि एखाद्या दिवशी दात सोडते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून गाडी पूर्ण थंड असतानाच बघा. बॉनेट कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी या. डिपस्टिक काढून लेव्हल पाहा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याने दचकू नका. स्टार्ट करताच साखळी घासल्यासारखी खरखर आली तर चेन किटचा खर्च किमतीतून कापून घ्या. इंजिन तापल्यावरही ती राहिली तर गाडी सोडा.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण फिरवून सैल करा आणि तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. धूर भकाभका येत असेल, झाकण उडत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आहे का बघा. असेल तर तांब्याचं वॉशर लीक आहे. वेळीच बदललं तर स्वस्तात भागतं, दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर जागेवरच जाम होतो. कूलंट गंजासारखं तांबडं दिसलं, तर त्यात साधं पाणी घालून गाडी चालवलेली आहे.

रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ताशी चाळीसला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बोची ओढ लागली पाहिजे. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच संपला. ओढच लागत नाही तर टर्बोचा पाइप फाटलाय, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोंदलाय किंवा टर्बोच गेलाय. खड्ड्यात पुढून येणारी खटखट बहुतेक वेळा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉड आणि लोअर आर्म बुशची असते. ते काम फार मोठं नाही, घासाघीस करायला मात्र उपयोगी.

मीटर मागे फिरवलेलं ओळखणं अवघड नाही. २०१४ ची डिझेल आणि रनिंग साठ हजार, पण पेडलचं रबर गुळगुळीत आणि ड्रायव्हर सीटची कड बसलेली, हे जुळत नाही. गाडीमालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून किलोमीटरसह जुनी नोंद काढा. डिझायर टॅक्सीत भरपूर चालली आहे, तेव्हा गाडी पूर्वी टी परमिटवर, म्हणजे टॅक्सीच्या परवान्यावर होती का, हे वाहन पोर्टल आणि आरसीवरून पाहाच.

२०१९ च्या महापुरातली सांगली-कोल्हापूरची किंवा २०२१ ची चिपळूण-महाडची गाडी असू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेट उचला, सीटखालच्या पट्ट्या बघा. गाळाची रेघ किंवा नको तिथे गंज दिसला तर किंमत कितीही पाडून मिळो, घेऊ नका. वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षं पुरतो.

टायरवरच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष असतं. नक्षी चांगली असली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच असं धरून चला. किमतीव्यतिरिक्त निदान तीस-चाळीस हजार हाताशी ठेवा, आणि गाडी आणल्याबरोबर ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट व ब्रेक ऑइल बदला.

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० सह्यांसकट हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातल्या पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. थकलेले ई-चलान विकणाऱ्यालाच भरायला लावा.