आधी कुठली बघायची: बर्फातली पलटण की बेटांवरचा चिखल?

फोंड्यात पाऊस एकदा लागला की संध्याकाळी घराबाहेर पडणं होत नाही आणि मग कुणीतरी विचारतंच, 'खऱ्या सैनिकांवरची एखादी मालिका सांग रे.' माझ्याकडे नावं दोन: 'बँड ऑफ ब्रदर्स' (२००१) आणि 'द पॅसिफिक' (२०१०). दोन्ही दुसऱ्या महायुद्धावरच्या, दहा-दहा भागांच्या, दोन्हींच्या निर्मितीत टॉम हँक्स आणि स्टीव्हन स्पीलबर्ग. त्यामुळे एक आवडली की दुसरीही आवडणारच, असं धरून चालतात लोक. तसं होत नाही.

'बँड'मध्ये नायक म्हणजे अख्खी तुकडीच, अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधली ईझी कंपनी. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत छत्रीने उतरलेली ही पोरं पुढे बेल्जियममधल्या बास्तोनच्या बर्फात वेढली जातात. बऱ्याच भागांच्या सुरुवातीला त्या तुकडीतले खरे म्हातारे बोलतात, पण पडद्यावर त्यांची नावं येत नाहीत. ती कळतात थेट शेवटच्या भागात. तोवर आपण हा कोण असेल, म्हणजे कोण जगलं असेल, याचा हिशेब मांडत बसतो. पहिले दोन भाग हेल्मेटखालचे सगळे चेहरे सारखेच वाटतात. तिथे सोडू नका. आणि 'सत्यकथा' म्हटलं तरी डोळे मिटून विश्वास नको. तिसऱ्या भागाच्या शेवटी आल्बर्ट ब्लाइद १९४८ मध्ये वारला असं लिहून येतं. प्रत्यक्षात तो १९६७ पर्यंत होता, सैन्यातच होता.

'पॅसिफिक'ला असा एकसंध गोतावळा नाही. तीन मरीन, म्हणजे समुद्रातून बेटांवर उतरून लढणारे अमेरिकन सैनिक, तिघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून ती सुरुवातीला विस्कळीत वाटते. त्यातल्या रॉबर्ट लेकी आणि युजीन स्लेज या दोघांनी पुढे आपापल्या आठवणी लिहिल्या, मालिका त्यांवर उभी आहे. तिसरा बॅसिलोन, सर्वोच्च शौर्यपदक मिळवूनही पुन्हा आघाडीवर गेलेला. केप ग्लॉस्टर या बेटावरच्या आघाडीचा पाऊस बघताना आपल्याला आपला आषाढ आठवतो. फक्त इथे छप्पर असतं. पेलेलिऊ बेटावरचे तीन भाग मात्र जड आहेत. सप्टेंबर १९४४ मध्ये चार दिवसांत उरकेल म्हणून सुरू केलेली ती लढाई दोन महिन्यांवर चालली. खिशातल्या बायबलमध्ये चोरून टिपणं करणारा सज्जन स्लेज तिथे कसा कडवट होत जातो, ते बघवत नाही. लहान मुलं जागी असतील तर लावूच नका.

माझे सासरे नौदलातून निवृत्त, राहायला वास्कोत. 'बँड' त्यांनी आवडीने बघितली, म्हाताऱ्यांचं बोलणं आलं की आवाज वाढवायला सांगायचे. मधेच 'लाईट गेली काय?' म्हणून चिडायचेही. 'पॅसिफिक'ला मात्र गप्प. पेलेलिऊच्या उन्हात पाण्यासाठी कासावीस झालेले जवान दिसले, तेव्हा एवढंच म्हणाले, 'बोटीवर आमच्या पाण्याला डिझेलचा वास यायचा. चहातसुद्धा.' तेवीस वर्षांत त्यांच्या नोकरीतलं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

म्हणून पहिल्यांदाच बघणार असाल, घरचे चार जण सोबत असतील, तर 'बँड'. एकटे बघणार असाल किंवा सैन्यातून परतलेलं, फारसं न बोलणारं कुणी घरात असेल, तर 'पॅसिफिक', पण रोज एकच भाग. इंग्रजी कानाला जड जात असेल तर दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' शोधा. चित्रण जुनं वाटेल, माणसं आपली आहेत.

'पॅसिफिक' निवडलीत तर दहावा भाग गाळू नका. त्यात गोळीबार जवळपास नाहीच. घरी परतलेला स्लेज वडिलांबरोबर पारव्यांच्या शिकारीला जातो आणि वाटेतच कोसळून रडायला लागतो. सासऱ्यांनी तो भाग संपल्यावर टीव्ही स्वतः उठून बंद केला आणि चहा टाकायला सांगितला.