घरी बदललेले ब्रेक पॅड : आठ महिने, नऊ हजार किलोमीटर

गेल्या मे महिन्यात चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात ब्रेक दाबला की डाव्या पुढच्या चाकातून किरकिर यायला लागली. अलॉय चाकाच्या फटींतून बॅटरी मारून पाहिलं, तर पॅड सहा मिलिमीटर तरी शिल्लक दिसला. गॅरेजवाल्यानेही चाक न खोलता 'धूळ आहे' म्हणून परत पाठवलं. मन मानेना, म्हणून घरी चाक काढलं. बाहेरचा पॅड ठीक होता, आतला मात्र जेमतेम दोन मिलिमीटर! फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो, त्यातल्या एकीचं रबर फाटून पाणी शिरलं होतं, पिन गंजून अडकली होती. त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर.

पिन पॉलिश पेपरने साफ केली, नवं रबर आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते. गाडी जॅकवर सोडून काम करू नका, स्टँड हवाच, आणि मागच्या चाकांना दगड. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन सावकाश आत दाबला. त्या वेळी टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, रंगावर सांडलं तर रंग जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चाकं बसवल्यावर पहिल्यांदा पेडल सरळ खाली जातं. ते घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, मगच गाडी हलवा. मी हे आधी वाचलं नसतं, तर गाडी थेट गेटवर गेली असती.

पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवली. रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत हळूहळू वेग उतरवला, असं आठ-दहा वेळा. पूर्ण पावसाळा गेला, कुंभार्ली चार वेळा उतरलो, तोही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. पेडल कधी मऊ पडलं नाही. पहाटेच्या दवानंतर पहिल्या ब्रेकला थोडा खर्र आवाज येतो, तो डिस्कवरच्या गंजाचा, लगेच जातो.

परवा पुन्हा खोललं. दहा मिलिमीटरचे पॅड आत-बाहेर दोन्ही आठवर, सारखे. उजव्या चाकाच्या पिनचं रबर मात्र आता तडकलंय. नवा किट आणून ठेवलाय, येत्या रविवारी बसवतो.