एसआरई की डेव्हलपर? आधी दिवसाचं काम बघा, मग रात्रीचा फोन

कोड लिहिता येतो, लिनक्सवर हात बसलेला आहे आणि पुढची नोकरी डेव्हलपरची घ्यावी की साइट रिलायबिलिटी इंजिनिअरची, म्हणजे साइट बंद पडू न देण्याचं काम करणाऱ्या एसआरईची, इथे घोडं अडलंय. बहुतेक जण हा निर्णय रात्रीच्या फोनवरून, म्हणजे सिस्टिम बिघडली की झोपेतून उठवणाऱ्या फोनवरून, घेतात. झोपमोड सोसत नसेल तर डेव्हलपर, सोसत असेल तर एसआरई. त्या फोनाकडे मी येणारच आहे, पण नोकरीतली वर्षं जातात ती दिवसाच्या कामात.

डेव्हलपरकडे दाखवण्यासारखं काहीतरी असतं. मागणी येते, फीचर तयार होतं, रिलीज होतं, लोक वापरतात. एसआरईचं काम उत्तम झालं तर काहीच घडत नाही. गर्दीच्या दिवशी साइट तगली म्हणून पाठ थोपटायला कुणी येत नाही, कोलमडली की मात्र सगळे विचारायला हजर. आपलं काम चारचौघांत दाखवायची हौस असेल (त्यात गैर काहीच नाही), तर हे लवकरच खुपायला लागतं.

याचा अर्थ एसआरईनं नुसतं राखण करत बसायचं असाही नाही. ही भूमिका २००३ मध्ये गूगलमध्ये बेन ट्रेनर स्लॉस यांच्या टीमपासून सुरू झाली. सिस्टिम चालवायचं काम सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या हाती दिलं तर ते कसं करतील, ही त्यामागची कल्पना. म्हणून तिथे दंडक असा की हातानं करायच्या रोजच्या कामांत निम्म्याहून जास्त वेळ जाता कामा नये. उरलेला वेळ इंजिनिअरिंगचा. समजा, एका सर्व्हरची डिस्क दर आठवड्याला भरते आणि अलर्ट, म्हणजे बिघाडाची आपोआप सूचना, येतो. जुन्या फायली उडवल्या की अलर्ट बंद. दर आठवड्याला निमूटपणे हेच करत राहिलात तर तुम्ही ऑपरेटर झालात. एसआरई दुसऱ्याच खेपेला जुने लॉग (प्रोग्रॅम लिहीत असलेल्या नोंदी) आपोआप पुसले जातील अशी सोय करतो आणि मग खोदत बसतो, की एवढे लॉग लिहितंय तरी कोण? बरेचदा कुणीतरी डिबग लॉगिंग (बग शोधण्यापुरत्या बारीकसारीक नोंदी) चालू करून विसरलेलं असतं. कुणी सांगितलं नसताना ते खोदावंसं वाटतं का, हे स्वतःला विचारून बघा.

बग दोघांनाही शोधावे लागतात, पण त्यांची जात निराळी. डेव्हलपरचा बग सहसा आपल्या मशीनवर पुन्हा घडवता येतो. डिबगर लावला की चुकलेली ओळ सापडते. एसआरईच्या वाट्याला येतं ते असं: सरासरी प्रतिसाद २०० मिलिसेकंद, डॅशबोर्ड हिरवागार, तरी तक्रारी चालूच. पी९९, म्हणजे ९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा, काढून बघावा, तर शंभरातली एक रिक्वेस्ट ८ सेकंद घेतेय. आणखी खाली उतरल्यावर दिसतं, की डेटाबेसची कनेक्शन्स संपतात, कारण टाइमआउट झाला (उत्तराची वाट बघायची मुदत संपली) की एक सर्व्हिस तीनदा रीट्राय करते, म्हणजे तीच मागणी पुन्हा पाठवते, आणि त्या रीट्रायच्या भारानंच पुढचे टाइमआउट होतात. प्रत्येक टीमचा कोड वेगळा काढून वाचला तर बरोबर. ज्याला अशा भानगडीत रस वाटतो त्याला डेव्हलपरचं काम पुढे अळणी वाटू शकतं. ज्याला नुसता वैताग येतो, त्यानं सरळ डेव्हलपर व्हावं.

दुसरा फरक माणसांशी बोलण्याचा. उपलब्धतेचं लक्ष्य ९९.९ टक्के असेल तर ३० दिवसांत साधारण ४३ मिनिटं बंद पडायची मुभा मिळते. हे एरर बजेट. ते शिल्लक असेपर्यंत डेव्हलपरांनी खुशाल बदल सोडावेत. संपलं की नवे फीचर थांबवून आधी डागडुजी. लक्ष्य ९९.९९ केलं की मुभा साडेचार मिनिटांच्याही आत येते. तेवढ्यात झोपेतून उठलेल्या माणसाचं धड लॉगिनही होत नाही, म्हणजे ते काम माणसाच्या भरवशावर टाकताच येत नाही. हे गणित वरच्यांना पटवणं आणि घाईत असलेल्या टीमला ‘आज रिलीज नाही’ असं शांतपणे सांगणं एसआरईला जमावं लागतं. मितभाषी माणसाचं इथे निभावतं, भिडस्ताचं नाही.

स्वभाव तपासायला गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेतली ३१ जानेवारी २०१७ ची घटना चांगली आहे. मागे पडलेलं रेप्लिकेशन (मुख्य डेटाबेसची दुय्यम सर्व्हरवर सतत होणारी नक्कल) दुरुस्त करताना एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली. बॅकअप शोधायला गेले, तर आवृत्तीच्या घोळामुळे नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता आणि तो फसल्याची खबर देणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) सापडला म्हणून निभावलं. हे वाचताना तुमच्या मनात आधी काय आलं? ‘कुणी पुसलं?’ की ‘ईमेल येत नाहीत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?’ दुसरा प्रश्न पडला असेल तर पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय आणि का बिघडलं याचा अहवाल, लिहायचा कंटाळा येणार नाही. ते लिहावं लागतंच, कुणावर ठपका न ठेवता.

आता रात्रीचा फोन. डेव्हलपर झालात म्हणून सुटका होतेच असं नाही. ज्याचा कोड त्याचीच ऑन-कॉल ड्युटी (बिघाड झाला की हजर व्हायची पाळी), अशी पद्धत कित्येक ठिकाणी आहे. फक्त डेव्हलपरला आपल्या सर्व्हिससाठी उठवतात, एसआरईला इतरांनी लिहिलेल्या, कधी उघडूनही न बघितलेल्या कोडसाठी. गूगलनं मांडलेला हिशेब असा, की एकाच ठिकाणच्या टीमनं चोवीस तास ऑन-कॉल सांभाळायची तर किमान आठ जण हवेत आणि बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत. लहान कंपनीला हे झेपत नाही, हे मान्य. पण तीन जणांना आळीपाळीनं जुंपलेलं असेल, तर काम कितीही आवडीचं असो, माणूस वर्षभरात करपतो.

डेव्हऑप्स आणि प्लॅटफॉर्म इंजिनिअरिंग या एसआरईच्या जवळच्या भूमिकांबद्दल फार लिहीत नाही, कारण पाट्यांची सरमिसळ इतकी आहे की एका कंपनीतला एसआरई दुसरीकडे डेव्हऑप्स म्हणून ओळखला जातो. जाहिरातीतलं पद बाजूला ठेवून काम वाचा. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर माझा कल आधी दोनेक वर्षं डेव्हलपर होण्याकडे आहे. कोड प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या सिस्टिमवर, कसा मोडतो हे तिथेही कळतं आणि कोडिंगवरचा हातही राहतो.

मुलाखतीत शेवटी ‘काही विचारायचंय का?’ असं म्हणतात तेव्हा विचारा: मागच्या महिन्यात रात्री किती अलर्ट आले? त्यातल्या कितींवर खरोखर काही करावं लागलं? आणि एरर बजेट संपलं म्हणून रिलीज शेवटचा कधी थांबवला होता? पहिल्या दोन प्रश्नांना आकडे मिळाले नाहीत आणि तिसऱ्याला नुसतं हसू मिळालं, तर ती जागा सोडा. एसआरई व्हायचं पक्कं असलं तरी.