सीट नंबर मिळाला म्हणजे तिकीट मिळालं असं नसतं

७,५९० डॉलर. फर्स्ट क्लासच्या विमान तिकिटांचे म्हणून एवढे एका एजंटला दिले आणि फसले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. आणि तो ऐकला की दुसरा प्रश्न ठरलेला, "पण एवढ्याशा पोराला घेऊन फर्स्ट क्लासची हौस कशाला?"

हौस नव्हती. बावीस महिन्यांचं मूल रात्रभर मांडीवर घेऊन विमानात बसून बघा, मग बोलू. या वयात ते अंगावरून उतरायला तयार नसतं आणि उतरलंच तर एका जागी थांबायला तयार नसतं. फर्स्टमध्ये सीट पूर्ण आडवी होते, दार सरकवता येतं, टॉयलेट चार पावलांवर, आणि मुख्य म्हणजे पोरगं रडलं तर मान वळवून बघणारी माणसं कमी. आम्ही दोघांनी बाकीचे खर्च आवरून हा एक करायचा ठरवला होता. ज्यांना उधळपट्टी वाटते त्यांना वाटू दे.

शिवाय मी काही फुकटात मागत नव्हते. त्या तारखांना विमान कंपनीच्या साइटवर बिझनेसचं जाऊन-येऊन भाडं माणशी ४,१०० डॉलर होतं आणि फर्स्टचं ९,८००. एजंटने फर्स्टचे माणशी ३,४५० सांगितले, "माइल्सवर काढतो" म्हणाला. (माइल्स म्हणजे विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाच्या खात्यात जमा करते ते पॉइंट.) इथेच कळायला हवं होतं असं आता ज्याला त्याला वाटतं. माइल्स वापरून फर्स्टची तिकिटं निम्म्याहून कमी खर्चात निघतात, हे थोडाफार प्रवास करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. माइल्सची आपापसात खरेदी-विक्री करायला विमान कंपन्यांची बंदी असते आणि असं तिकीट त्या कधीही रद्द करू शकतात, हेही नियमांत असतं. पण ते कुठे, तर तुम्ही 'मान्य आहे' म्हणून खूण करता त्या पंधरा पानांत. कोण वाचतं?

तर, हा माणूस भामटा वाटला नाही, कारण त्याला सीटांमधलं खरोखर कळत होतं. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, "ताई, बाळ परतीच्या तारखेला दोन वर्षांचं होतंय का?" होत होतं. वय बुकिंगच्या दिवशी नाही, त्या त्या उड्डाणाच्या दिवशी मोजतात. जाताना मांडीवर चालतं, पण मधे वाढदिवस आला तर येताना स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. विमान कंपनीच्या साइटवर हे शोधायला मला अर्धा तास लागला असता, याने न विचारता सांगितलं. मग म्हणाला, खिडकीकडच्या सीट घेऊ नका. फर्स्टमध्ये त्या एकेकट्या असतात, मधे वाट, एक पालक इकडे आणि दुसरा तिकडे, पोरगं रात्रभर हेलपाटे घालणार. मधली जोडी घ्या, तिथला पडदा खाली होतो. पाळण्याचं विचारलं तर म्हणाला, पाळणा समोरच्या भिंतीला अडकवतात, फर्स्टच्या बऱ्याच केबिनमध्ये तशी भिंतच नसते, त्यावर विसंबू नका. कारसीट न्यायची म्हटलं तर म्हणाला, फर्स्ट-बिझनेसमध्ये कित्येकदा सीटच्या पट्ट्यातच एअरबॅग असते, अशा पट्ट्यावर कारसीट बांधू देत नाहीत. २०११ साली मलेशिया एअरलाइन्सने त्यांच्या ७४७ विमानांच्या फर्स्टमध्ये तान्ह्या बाळांना बंदी केली होती, हा किस्सासुद्धा त्यानेच ऐकवला. मी शोधून बघितला. खरा निघाला.

सगळंच खरं निघत होतं, हाच तर घोळ. आठवडाभर आम्ही दोघं नवरा-बायको रात्री मूल झोपलं की सीटांचा नकाशा उघडून बसायचो. १डी की २डी? पहिल्या रांगेला किचनचा आवाज येईल का? शेवटी २डी आणि २जी ठरलं. त्या सगळ्या चर्चेत तिकीट कोणाच्या खात्यातून निघणार, हा प्रश्न एकदाही निघाला नाही. त्याने निघू दिला नाही. प्रत्येक वेळी आमच्यापुढे सीटचा नवा विषय टाकायचा आणि आम्ही तो चघळत बसायचो.

५०० डॉलर ॲडव्हान्स कार्डाने दिले. पीएनआर आला. विमान कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये टाकला तर आमची दोघांची नावं आणि सीट २डी, २जी. कोणाचा विश्वास बसणार नाही?

तर ऐका. तो सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे नुसती नोंद. पैसे न भरताही तो निघतो, त्यावर सीटही दिसते. तिकीट म्हणजे तेरा आकडी नंबर, ज्याचे पहिले तीन आकडे त्या विमान कंपनीचे असतात. तो नंबर नाही तर तुमच्याकडे काहीच नाही. हे मला माहीत होतं, म्हणून उरलेले पैसे देण्याआधी मी तो मागितला. त्याने दिला. मी विमान कंपनीच्या साइटवर तपासला. तोही खरा! म्हणून पुन्हा सांगते, नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका. ई-तिकिटावर भाड्याची ओळ बघा. आमच्या तिकिटावर भाडं शून्य होतं आणि फक्त कर लावलेले होते. माइल्सवरच्या तिकिटाला ते तसंच असतं, म्हणून मला विचित्र वाटलं नाही. पण ते माइल्स कोणाचे? ज्याचे होते त्या माणसाला पत्ताच नव्हता. त्याचं खातं फोडून आमची तिकिटं काढली होती.

हिशोब देते. दोन तिकिटांचे ६,९००. मधली जोडी 'लॉक' करायचे २८०. (फर्स्टमध्ये सीट निवडायला बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतच नाहीत. हे मला नंतर कळलं.) बाळाचे ४१०, त्यात जातानाचं मांडीवरचं तिकीट आणि येतानाची स्वतंत्र सीट. कार्डाने भरलं तर ३.५ टक्के जादा, थेट खात्यावर भरलं तर नाही, म्हणून ॲडव्हान्स वजा करून उरलेले ७,०९० मी खात्यावर पाठवले. २४८ डॉलर १५ सेंट वाचवण्यासाठी. कार्डाने दिले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती, कारण कार्डाचे ५०० मला परत मिळाले. सेवा मिळालीच नाही अशी तक्रार कार्डाच्या बँकेकडे मुदतीत केली तर पैसे उलटवता येतात. साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण वाट बघू नका. खात्यावर पाठवलेल्या पैशाला अशी मागे यायची वाट नसते. जो कोणी कार्ड नको म्हणतो, त्याचा फोन तिथेच ठेवा.

आता तो क्षण. याच्यावर मी अजून रात्री जागते.

निघायच्या आधी मी विमान कंपनीला फोन केला. काम किरकोळ होतं, बाळाचं जेवण आणि मांडीवर बांधायचा छोटा पट्टा यांची नोंद करायची होती. पलीकडची बाई म्हणाली, "या बुकिंगवर बाळ नाही." मी म्हटलं, नीट बघा. तिने बघितलं. "दोन प्रौढ. बाळ नाही. आणि हे माइल्सवरचं बुकिंग आहे, बदल खातेदारच करू शकतात. आपण खातेदार आहात का?" मी म्हटलं, नाही, आमच्या एजंटने काढलंय. ती म्हणाली, "मग त्यांच्याशी बोला." आणि फोन बंद.

बोलले मी त्यांच्याशी. तो हसला. म्हणाला, "ताई, फर्स्टमध्ये बाळ चेक-इनला जोडतात. आत्ता जोडलं तर सिस्टीम सीट बदलून टाकेल, आपली मधली जोडी जाईल."

मधली जोडी जाईल. एवढं ऐकलं आणि मी गप्प बसले.

किती सोपा हिशोब होता! मांडीवरच्या बाळाचं आंतरराष्ट्रीय तिकीट साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के असतं, आणि मोठ्यांची तिकिटं माइल्सवर असली तरी बऱ्याच कंपन्या ते दहा टक्के रोखीच्या भाड्यावर लावतात. ९,८०० चे दहा टक्के ९८०. एका बाजूचे धरले तरी ४९०. म्हणजे नुसतं जातानाचंच ४१० मध्ये बसत नव्हतं, आणि हा त्यात येतानाची फर्स्टची अख्खी सीट देत होता! मुलाचं भाडं मोठ्यांच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं. ४१० डॉलरमध्ये फर्स्टची सीट? हे शाळकरी पोरानेही पकडलं असतं. पण मी ते तीन आकडे एका ओळीत कधी मांडलेच नाहीत, कारण मांडायची गरज पडू नये अशी व्यवस्था त्याने चोख केली होती. आणि त्या फोनवरच्या बाईला तर पडद्यावर सगळं दिसत होतं. खातेदार भलताच, प्रवासी भलतेच, एजंटचा उल्लेख, बाळ गायब. तिला एक वाक्य बोलता आलं नसतं? "बाई, हे प्रकरण संशयास्पद दिसतंय" एवढंच?

विमानतळावर काय झालं ते लांबवत नाही. काउंटरवरच्या मुलाने बराच वेळ टाइप केलं, वरिष्ठाला बोलावलं, आणि तिकिटं रद्द आहेत म्हणून सांगितलं. खऱ्या खातेदाराने तक्रार केली होती. जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथल्या तिथे इकॉनॉमीची एका बाजूची तिकिटं घेतली. १,१४० चे दोन आणि बाळाचे ११४, एकूण २,३९४. बाळाचं तिकीट किती रीतसर असतं ते तेव्हा बघायला मिळालं, त्याचं नाव, त्याची जन्मतारीख, त्याचा वेगळा तेरा आकडी नंबर. तुमच्या पोराच्या नावाचा असा नंबर हातात नसेल तर घरातून निघू नका.

पुढचा भाग जास्त संतापजनक आहे. विमान कंपनीने लेखी कळवलं की तिकिटं ज्याच्या माइल्सवर होती तोच त्यांचा ग्राहक, मी नाही, त्यामुळे माझी तक्रार ते घेऊ शकत नाहीत. वर चोरीच्या माइल्सवर प्रवास करायचा प्रयत्न केला म्हणून माझ्याच नावाची चौकशी होऊ शकते, असंही जोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

माझी बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः ओटीपी टाकून पाठवले, त्यामुळे हा तुमच्या संमतीचा व्यवहार आहे. समोरच्या बँकेला खातं गोठवायला सांगा म्हटलं तर पोलिसांची तक्रार आणा. पोलीस म्हणाले, बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. शिक्का मारणारे साहेब रजेवर. शिक्का मिळाला तर पोलिसांना हद्दीचा प्रश्न पडला. पैसे गेले ते खातं दुसरीकडचं, फोन तिसरीकडचा, पैसे पाठवताना तुम्ही नेमक्या कुठे बसला होता? सोफ्यावर, मी म्हटलं. त्यावर टेबलामागचे गृहस्थ हसून म्हणाले, "आम्ही आयुष्यात फर्स्ट क्लास आतून पाहिला नाही बघा." मी काय करू, माफी मागू? विमान वाहतूक खात्याने उत्तर दिलं की उड्डाण रद्द झालं किंवा उशिरा सुटलं तर त्यांच्याकडे यायचं, इथे उड्डाण तर वेळेवर गेलं. या सगळ्या फेऱ्यांत ते खातं कधीच रिकामं झालं होतं. अशा गोष्टीत पहिले काही तासच कामाचे असतात, त्यामुळे शिक्क्याची वाट न बघता दोन्ही बँकांना लेखी कळवा आणि कळवल्याची पोच हातात ठेवा.

एजंट म्हणून तो जो आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, नंबर मिरवायचा, तो आयाटाच्या साइटवर तपासता येतो. मी तपासला होता बरं! नंबर खरा होता, फक्त दुसऱ्याच एका एजन्सीचा. नंतर त्या एजन्सीला फोन लावला तर तिथले लोक वैतागलेले, माझ्यासारखे फोन त्यांना आधीही आले होते. तेव्हा नंबर तपासून थांबू नका, त्या एजन्सीचा फोन स्वतः शोधा आणि तुमच्याशी बोलणारा माणूस त्यांचा आहे का ते विचारा. एजंटने दिलेल्या फोनवर विचारून काय उपयोग, तोच उचलणार.

नवऱ्याचं म्हणणं, आता सोडून दे. मी सोडलेलं नाही. बँकेच्या वरच्या कार्यालयात अर्ज पडून आहे, पोलिसांकडे तक्रारीचा नंबर आहे, तपास अधिकाऱ्याचं नाव मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही. आणि त्या माणसाची नवी जाहिरात आली आहे. आडव्या केलेल्या सीटवर झोपलेलं मूल, शेजारी आई, 'लहान मुलांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठी खास'. भाव आता माणशी ३,२९० केलाय.