माझी विक्रीची ऑर्डर एका सेकंदात मॅच झाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं

७ लाख ४७ हजार १०० रुपये. एका खोट्या क्रिप्टो ॲपमध्ये गेलेल्या पैशांचा हा आकडा मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो पोलीस ठाण्यात, आणि तेव्हा माझा आवाज फुटेना. नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याकडे मी २२ वर्षं हिशेब लिहितोय. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबात, एका रुपयाचा फरक असला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, म्हणून लाज जास्त वाटते. नाव लिहीत नाही, मला याच गावात राहायचंय. पण आकडे सगळे खरे लिहितो.

सुरुवात कशी झाली ते लांबवत नाही. टेलिग्रामवर शेअरच्या टिप्सचा ग्रुप, त्यात रोज नफ्याचे फोटो टाकणारे लोक, मग एक गोड बोलणाऱ्या मॅडम, मग शेअरवरून क्रिप्टोवर, म्हणजे आभासी नाण्यांवर, आणि शेवटी लिंकवरून उतरवून घ्यायचं एक ॲप. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी हे ऐकलेलं आहे. मीही ऐकलेलं होतं. १४ जानेवारी २०२५ ला, संक्रांतीच्या दिवशी, मी १०,००० भरले. २२ जानेवारीला १२,४०० काढून बघितले, तासाभरात बँकेत आले. पैसे परत येतात म्हणजे खरं आहे, असं मी धरून चाललो. आमिषाचा तुकडा असाच टाकतात हे आज कळतं. मग ५०,००० आणि ७ फेब्रुवारीला १,५०,००० भरले. धाकट्या भावाला त्याचा जमिनीचा वाटा विकायचा होता, तो बाहेरच्या माणसाकडे जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. चैनीसाठी केलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ११ फेब्रुवारीची रात्र, मंगळवार, अकरा वाजून गेले होते.

माझ्याकडे त्या ॲपमधल्या एका कॉइनचे ३,५०० नग होते, ३८.४० ने घेतलेले, म्हणजे १,३४,४०० रुपयांचे. ऑर्डर बुक, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या बोलींची यादी, समोर उघडं होतं. हिरव्या बाजूला घेणारे: ४१.२० ला ३१० नग, ४१.१५ ला ५४०, ४१.१० ला २७५. लाल बाजूला विकणारे: ४१.३५ ला ४२०, ४१.४० ला ६००, आणि त्याच्या वर आणखी ओळी. मी ४३.०० ची लिमिट ऑर्डर टाकली, ३,५०० नग विकायची, म्हणजे ४३ च्या खाली विकायचे नाहीत. विचार असा की ऑर्डर रांगेत उभी राहील, दोन-तीन दिवसांत भाव चढला तर जाईल, नाहीतर रद्द करू.

ती एका सेकंदात गेली. सगळीच्या सगळी, ४३.०० ला. खात्यात १,५०,५०० जमा दिसले आणि नफा १६,१००.

ज्याने एकदा तरी लिलाव पाहिलाय त्याला यातली खोट कळायला हवी. बाजार आवारात ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. तसाच माल पुढे १,८०० रुपये क्विंटलने मिळत असताना कोणी व्यापारी मागच्या ट्रॅक्टरपाशी जाऊन १,९०० देत नाही. एक्स्चेंजचं, म्हणजे सौदे जुळवणाऱ्या बाजाराचं, इंजिन नेमकं हेच करतं, फक्त सेकंदाच्या बारीक हिश्शात. विकणाऱ्यांमध्ये ज्याचा भाव सगळ्यात कमी तो पुढे, घेणाऱ्यांमध्ये ज्याची बोली सगळ्यात चढी तो पुढे, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. शेअर बाजारातही हाच नियम आहे. मग ४१.३५ ला ४२० नग आणि ४१.४० ला ६०० नग विकायला उभे असताना त्यांना ओलांडून माझ्याकडून ४३.०० ला कोणी घेतलं? कोणी म्हणून घेणार नाही. घेतलंच असतं तर आधी खालच्या सगळ्या ओळी संपल्या असत्या, शेवटचा भाव ४३ दाखवला असता. मी बघत होतो. भाव ४१.२० वरून हलला नाही. हिरव्या ओळी तशाच, लाल ओळी तशाच. ३,५०० नगांचा सौदा झाला आणि बाजाराच्या अंगावर ओरखडाही नाही.

म्हणजे समोर कोणी नव्हतंच. ऑर्डर बुक हे हलणारं चित्र होतं, आणि माझ्या खात्यात दिसणारा आकडा कोणीतरी बसून टाईप केला होता.

हे मला त्या रात्री दिसलं होतं. दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. दोन मिनिटं फोन हातात धरून ‘हे कसं झालं?’ असं स्वतःला विचारलं, स्क्रीनशॉट काढला आणि मॅडमना पाठवला. उत्तर आलं, ‘तुमचं खातं व्हीआयपी आहे, व्हीआयपी ऑर्डर वेगळ्या पूलमध्ये मॅच होतात.’ मी ‘धन्यवाद मॅडम’ असं लिहिलं. आपल्या फायद्याची चूक आपण तपासत नाही. पट्टीत शेतकऱ्याला जास्त पैसे गेले असते तर मी रात्री दुकान उघडून ती दुरुस्त केली असती.

त्या रात्री थांबलो असतो तर १,९७,६०० वर सुटलो असतो. उरलेले ५,४९,५०० मी त्यानंतर भरले. या एका हिशेबाने मला महिनोन्‌महिने झोप लागलेली नाही.

अजून एक खूण होती. मी ६,००० नग मार्केट ऑर्डरने, म्हणजे समोर जो भाव असेल त्या भावाने, घेतले आणि सगळे एकाच भावाने आले. हे खऱ्या बाजारात होत नाही. वरच्याच बुकात समजा १,००० नग मार्केट ऑर्डरने विकले, तर ३१० जातील ४१.२० ला, ५४० जातील ४१.१५ ला, आणि उरलेले १५० जातील ४१.१० ला. हातात येणार ४१,१५८ रुपये, ४१,२०० नाही. ऑर्डर मोठी असेल तर ती एकामागून एक ओळी खात जाते आणि भाव आपल्याच विरुद्ध सरकतो. कमी उलाढालीच्या कॉइनमध्ये तर हा फटका फार मोठा बसतो. ज्या ॲपमध्ये तुमची ऑर्डर कधीच तुकड्यातुकड्यांत जात नाही, कधीच अर्धी लटकत नाही, कधीच भाव खात नाही, तिथून आजच्या आज बाहेर पडा.

आणि टीडीएस! १ जुलै २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टो विकलं की १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. माझ्या १,५०,५०० च्या विक्रीवर १,५०५ रुपये कापले जायला हवे होते. एक रुपया कापला नाही. मला वाटलं, ॲप परदेशी आहे, बरं झालं. नंतर आयकर खात्याच्या साईटवर २६एएस, म्हणजे पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता, उघडून बघितलं तर माझ्या पॅनवर एकाही व्यवहाराची नोंद नव्हती. तुमचे पैसे एखाद्या ॲपमध्ये असतील तर आज २६एएस उघडा.

१८ फेब्रुवारीला २,७५,००० ची एफडी मोडली. ३ मार्चला घरातल्या पाटल्या गहाण टाकून १,८०,००० भरले. बायकोच्या हातातून पाटल्या निघत नव्हत्या, तिने मोरीत साबण लावून काढल्या आणि ओल्याच माझ्या हातात दिल्या. ‘तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला कळतं’ एवढंच म्हणाली.

१७ मार्चला पैसे काढायला गेलो. स्क्रीनवर ९,६७,६०० शिल्लक. उत्तर आलं की नफा ३,१५,००० आहे, सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के कर, म्हणजे ९४,५०० आधी भरा, मग रक्कम सुटेल. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, हे खरं आहे. पण तो आपण विवरणपत्र भरताना सरकारला द्यायचा असतो. पैसे काढण्याआधी एक्स्चेंजच्या खात्यात कर भरा असं म्हणणारा माणूस चोर आहे, बाकी काही तपासायची गरज नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. १८ तारखेला मालकाकडून उचल घेऊन ते ९४,५०० पण भरले, आणि १९ ला मला ब्लॉक केलं. सहा वेळा पैसे भरले, सहाही वेळा वेगळं खातं. कधी कुठल्या ट्रेडर्सचं, कधी एंटरप्रायजेसचं, कधी एखाद्या माणसाचं. तेही मी ‘पेमेंट गेटवे असेल’ म्हणून सोडून दिलं.

तीन दिवस घरात कोणाशी बोललो नाही. २२ तारखेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला आणि ऑनलाईन तक्रार टाकली. हे तीन दिवस मी घालवायला नको होते. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पुढच्या खात्यांमध्ये पैसा अडवता येतो. माझे अडकले १८,३५० रुपये. लाजेपायी कोणी एक तासही थांबू नका, आधी १९३० लावा, मग रडा.

पुढचं लिहिताना हात थरथरतो. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, ‘शिकलेले दिसता, मग भरले कशाला?’ दुसरा, ‘क्रिप्टोवर बंदी आहे ना? तुमच्यावरच केस होईल.’ कुठे आहे बंदी? क्रिप्टोच्या व्यवहारांना बँकांची सेवा बंद करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. सरकार ३० टक्के कर घेतं, १ टक्का टीडीएस घेतं, मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगचा कायदा लावलाय, त्यांना एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या विभागाकडे, नोंदणी करावी लागते. कर घेताना सगळं चालतं, आणि तक्रार घेऊन आलेला माणूसच गुन्हेगार?

तिथून मला जिल्ह्याला सायबरकडे पाठवलं. सायबरने सांगितलं, रक्कम बघता स्थानिक ठाण्यातच द्या. स्थानिक ठाण्याने सांगितलं, खाती परराज्यातली आहेत, आमची हद्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीतली असली तरी नोंदवून घ्यायची. मी कागद छापून नेला होता. साहेबांनी तो न वाचता टेबलावर उलटा ठेवला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. शेवटी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. बँकेत गेलो तर ते म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. त्या स्टेटमेंटचे बँकेने २३६ रुपये घेतले. अकरा फेऱ्या झाल्या, अकरा दिवसांचा पगार कापला गेला. एफआयआर झाला ४१ व्या दिवशी. अडकलेले १८,३५० माझे आहेत हे सगळ्यांना मान्य आहे, पण ते सोडवायला न्यायालयात अर्ज करा म्हणतात. चोराने एका सेकंदात ऑर्डर मॅच केली, आणि यांना एक कागद दुसऱ्या कागदाला जोडायला दीड महिना लागतो!

या काळात मी खूप वाचलं. कॅनडात क्वाड्रिगा नावाचं एक्स्चेंज होतं, हजारो गिऱ्हाइकांचं. त्याचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूरला वारला, आणि मग सगळं बाहेर आलं. ओंटारिओच्या बाजार नियामकाने जून २०२० मध्ये अहवाल दिला. कॉटनने खोट्या नावांची खाती उघडून त्यात नसलेली शिल्लक टाकली होती आणि आपल्याच गिऱ्हाइकांशी सौदे केले होते. गिऱ्हाइकाला वाटायचं समोर घेणारा आहे, आणि समोर मालक स्वतः बसलेला. ते एक्स्चेंज तर खरं होतं, तिथे खरी नाणी येत-जात होती. माझ्याकडे तेवढंही नव्हतं. त्यामुळे ‘मोठं नाव आहे, बुक हलतंय, व्हॉल्यूम दिसतंय’ यावर जाऊ नका.

ज्यांचे पैसे आत्ता अशा ॲपमध्ये आहेत त्यांनी एक करा. चालू भावाच्या बरीच वर, २० टक्के वर, थोड्या नगांची विक्रीची लिमिट ऑर्डर टाका. ती ताबडतोब गेली तर पुढे एक रुपया भरू नका. ती रांगेत उभी राहिली म्हणजे ॲप खरं, असं मात्र अजिबात समजू नका. एफआययूकडे नोंदणी आहे का तेही बघा. आणि तोच कॉइन दुसऱ्या नावाजलेल्या दोन ठिकाणी आहे का, भाव जवळपास सारखा आहे का ते बघा. माझा कॉइन जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

हे आज लिहायचं कारण परवाचं आहे. आमच्या खळ्यावर हमालाचं काम करणाऱ्या एकाचा मुलगा जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन आला. ‘काका, तुम्हाला यातलं कळतं ना, २५,००० टाकू का?’ ॲपचं नाव वेगळं, रंग वेगळा, कॉइनही वेगळा. मी ऑर्डर बुक उघडायला सांगितलं. भावाचे आकडे निराळे होते. पण हिरव्या बाजूला वरून खाली नगांची रांग होती ३१०, ५४०, २७५ आणि लाल बाजूला ४२०, ६००. मी माझा ११ फेब्रुवारीचा स्क्रीनशॉट काढून त्याच्या फोनशेजारी धरला.