फेटची ‘बिअर्स लॉ लॅब’ : रंग चोख, वजनकाटा गायब

कलरीमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) एक आणि बॅचमध्ये मुलं वीस, हा हिशेब बहुतेक कॉलेजांत ठरलेलाच असतो. यंत्र हाताला लागेपर्यंत बाकीच्यांनी काय करायचं, याला ‘बिअर्स लॉ लॅब’ हे फेटचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा प्रयोग, हे फुकटातलं उत्तम उत्तर आहे. द्रावणात विरघळलेला पदार्थ जितका जास्त आणि प्रकाशाची त्यातली वाट जितकी लांब, तितका प्रकाश जास्त शोषला जातो, हा बिअरचा नियम. मात्र तेवढ्यावर जर्नलमध्ये ‘प्रॅक्टिकल पूर्ण’ अशी सही करू नये. का, ते पुढे येईलच.

फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्राचा प्रकल्प. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना विभागून मिळालं, त्यांतले कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. नाव आलं ‘फिजिक्स एज्युकेशन टेक्नॉलॉजी’वरून, रसायनशास्त्र आणि गणिताची भर मागाहून पडली. सिम्युलेशन तयार होत असतानाच ते विद्यार्थ्यांच्या हाती देऊन, ते कुठे अडखळतात हे बघून बदल करायचे, अशी या मंडळींची पद्धत. तिचा फायदा वापरताना जाणवतो. सूचनांचं पान कुठेच नाही, तरी मुलं अर्ध्या मिनिटात नळ सोडून मोकळी होतात.

चालवायला साधा ब्राउझर पुरतो. सिम्युलेशनची एकच फाइल उतरवून घेता येते आणि ती पुढे इंटरनेटशिवाय चालते, म्हणून लॅबच्या संगणकांवर पेनड्राइव्हने टाकून ठेवणं सोपं. फेटची बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. मोबाइलवर उघडतं, पण क्युवेटची (द्रावण भरायच्या पारदर्शक भांड्याची) रुंदी ओढणं आणि डिटेक्टरची दांडी नेमकी किरणात धरणं बोटाला जड जातं. लॅपटॉप किंवा निदान टॅब असावा.

आत दोन पडदे आहेत. पहिला संहतीचा, म्हणजे एका लिटर द्रावणात किती पदार्थ विरघळला आहे त्याचा : एक लिटरचं भांडं, सुरुवातीला त्यात अर्धा लिटर पाणी, वर पाण्याचा नळ, खाली निचऱ्याचा नळ, विद्राव्याची (विरघळवायच्या पदार्थाची) डबी किंवा तयार द्रावणाचा ड्रॉपर, आणि बाष्पीभवनाची पट्टी. मीटरचा प्रोब स्वतः ओढून द्रावणात बुडवावा लागतो. तो बाहेर राहिला की मीटर कोरं राहतं आणि मग ‘सर, बंद पडलं’ सुरू होतं.

इथे करून घेण्यासारखा सगळ्यात चांगला प्रयोग मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा. डबी हलवत मीटर ०.८ मोल प्रति लिटरच्या आसपास आणायचं. आता प्रश्न : खालचा नळ उघडून निम्मं द्रावण जाऊ दिलं तर मीटर काय दाखवेल? बरीच मुलं ‘निम्मं’ म्हणतात. मीटर जागचं हलत नाही, कारण पाणी आणि मोरचूद दोन्ही एकाच प्रमाणात गेलं. मग पुन्हा अर्ध्या लिटरपासून सुरू करून या वेळी बाष्पीभवनाची पट्टी धरून ठेवायची. आता मोरचूद तेवढंच आणि पाणी कमी, म्हणून आकडा चढतो. हे सिम्युलेशन कॉपर सल्फेटची कमाल संहती १.३८ धरतं. अर्ध्या लिटरमध्ये ०.८ म्हणजे ०.४ मोल, ०.४ भागिले १.३८ केलं की सुमारे ०.२९ लिटर येतं. तिथे तळाला कण दिसू लागणार आणि त्यापुढे पाणी कितीही उडवलं तरी आकडा १.३८ वरच थांबणार. हे उत्तर मुलांनी आधी कागदावर काढावं, मगच पट्टीला हात लावावा. उलट क्रमाने केलं तर तो नुसता व्हिडिओ गेम होतो.

याच पडद्यावरच्या दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. पहिली, वजनकाटा नाही. किती ग्रॅम टाकलं ते कुठेच दिसत नाही, संहती आणि पाण्याची पातळी यांवरून मागे मोजत जावं लागतं. त्यामुळे खऱ्या लॅबमध्ये सर्रास होणारी चूक इथे होतच नाही. बाटलीतला निळा कॉपर सल्फेट पाच पाण्याच्या रेणूंसकट असतो, त्याचं मोलर वस्तुमान २४९.७, निर्जल पांढऱ्याचं १५९.६. ०.१ मोलारचं (लिटरला ०.१ मोल) १०० मिली द्रावण करायला निळे खडे २.५ ग्रॅम घ्यायचे असतात, आणि मुलं १.६ घेऊन मोकळी होतात. हे वेगळं शिकवावंच लागेल.

दुसरी उणीव अधिक मजेशीर. विद्राव्य कितीही टाका, पातळी वर चढत नाही. यादीत ‘ड्रिंक मिक्स’ नावाची सरबताची पावडर आहे. तिची कमाल संहती ५.९६ मोल प्रति लिटर. साखरेच्या रेणुभाराने, म्हणजे ३४२ ने गुणलं तर हे लिटरला दोन किलोच्या वर जातं. एक लिटर पाण्यात साखर साधारण एवढी विरघळते हे खरं, पण तेव्हा तयार झालेला पाक एक लिटर राहत नाही, दोन लिटरच्या वर भरतो. गुलाबजामाचा पाक केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. द्रावकाचा लिटर आणि द्रावणाचा लिटर हा फरक सिम्युलेशन गिळून टाकतं. विरळ द्रावणांत त्याने बिघडत नाही, सरबताने मात्र पितळ उघडं पडतं. तापमानही कुठे बदलता येत नाही. पोटॅशियम परमँगनेट ०.४८ मोल प्रति लिटरवर संपृक्त होतं, लिटरला सुमारे ७६ ग्रॅम, म्हणजे २५ अंशांचा आकडा. पाणी तापवलं की तो किती तरी वाढतो, याची इथे चाहूलही नाही.

दुसरा पडदा खऱ्या अर्थाने बिअरच्या नियमाचा, आणि फेटचं काम इथे फार सुंदर उतरलं आहे. दिवा, क्युवेट, डिटेक्टर, मोजपट्टी. आठ द्रावणं. तरंगलांबी (म्हणजे प्रकाशाचा रंग) ठरलेली ठेवा किंवा स्वतः बदला. क्युवेटची रुंदी ०.५ ते २ सेंटीमीटर ओढता येते. परमँगनेट घ्या : १०० मायक्रोमोलार (लिटरला मोलचा दशलक्षांश भाग म्हणजे एक मायक्रोमोलार) आणि २ सेंटीमीटर, मग २०० आणि १, मग ४०० आणि ०.५. अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा) तिन्हीकडे एकच. संहती आणि मार्गाची लांबी यांचा गुणाकारच महत्त्वाचा, हे खऱ्या लॅबमध्ये दाखवायला तीन मापांच्या क्युवेट लागतील, आणि त्या कुणाकडे असतात? त्याहून भारी म्हणजे डिटेक्टर द्रावणाच्या आतसुद्धा धरता येतो. तो हळूहळू आत सरकवत नेला की प्रकाश टप्प्याटप्प्याने कसा शोषला जातो ते दिसतं. हे कुठल्याच कलरीमीटरमध्ये शक्य नाही.

तरंगलांबीची पट्टी ‘बदलती’वर ठेवून ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये दर २० वर रीडिंग घ्यायला लावा. सोळा रीडिंग, एक आलेख, दहा मिनिटं. निळ्या द्रावणाला निळा फिल्टर लावायचा, हा हट्ट त्या आलेखाने सुटतो. परमँगनेट हिरवा प्रकाश खातं, कॉपर सल्फेट तांबड्याच्या टोकाचा. तक्ता किंवा आलेख सिम्युलेशन स्वतः काढून देत नाही, आणि हे बरंच आहे. वहीत हातानेच काढावं.

अडचण अशी की आलेख नेहमी सुतासारखा सरळ येतो. खऱ्या यंत्रात भटका, म्हणजे नको असताना डिटेक्टरवर पोचणारा, प्रकाश असतो. तो फक्त १ टक्का धरला तरी खरा अ‍ॅब्सॉर्बन्स १ असताना यंत्र ०.९६ दाखवतं आणि २ असताना १.७०. परमँगनेटची पट्टी इथे ८०० मायक्रोमोलारपर्यंत जाते, म्हणजे १ सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये प्रत्यक्षात जवळजवळ २ च्या घरात. तिथे लॅबमधली रेष वाकलेलीच असणार. मूल मग ‘माझं चुकलं’ म्हणून आकडे सरळ करून लिहितं. त्यांना आधीच सांगून ठेवा : यंत्रावर ०.१ ते ०.८ या पट्ट्यात राहा, त्यावर गेलं तर द्रावण पातळ करा.

डायक्रोमेटच्या बाबतीत तर सिम्युलेशन फारच सोवळं आहे. क्रोमेट पिवळं, डायक्रोमेट नारिंगी, दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांतले पदार्थ असल्यासारखे वागतात. प्रत्यक्षात डायक्रोमेट नुसत्या पाण्यात पातळ करत नेलं की त्यातला मोठा भाग क्रोमेटच्या रूपांकडे सरकतो, आणि बिअरच्या नियमापासून ढळण्याचं हेच पाठ्यपुस्तकी उदाहरण. खऱ्या प्रयोगात आम्लाने पीएच धरून ठेवावा लागतो. एक मान्य करायला हवं : सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक, निकेल आणि कोबाल्टचे क्षारही विषारी, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना ही द्रावणं पडद्यावरच हाताळू देणं शहाणपणाचं.

ब्लँक घेणं, म्हणजे आधी नुसत्या पाण्यावर यंत्र शून्याला आणणं, इथे नाही. क्युवेटच्या खरखरीत बाजू किरणात येणं, काचेवर बोटांचे ठसे, आत अडकलेला बुडबुडा, परमँगनेटने चढलेला तपकिरी थर (तो ऑक्झॅलिक आम्लाने निघतो), यांतलं काहीही नाही. तेच रीडिंग दहा वेळा घ्या, दहाही वेळा तेच. त्रुटीचं विश्लेषण शिकवायला हे साधन निरुपयोगी. नक्कलही ओळखता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळं द्रावण आणि वेगळी रुंदी द्यायची, कुणाला निकेल क्लोराइड ०.७ सेंटीमीटर, कुणाला कोबाल्ट नायट्रेट १.३.

आपल्याकडच्या आयआयटींसह इतर संस्थांच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’मध्ये उद्देश, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, उत्तरचाचणी असा सगळा साज असतो. जर्नलच्या साच्यात बसवायला ते सोयीचं. फेटमध्ये यातलं काहीच नाही. प्रश्न शिक्षकाने आणायचे. फेटच्या संकेतस्थळावर जगभरच्या शिक्षकांनी टाकलेले कृतिपत्रक सापडतात, पण दर्जा खालीवर आहे. स्वतःचं दोन पानांचं करून घेतलेलं बरं.

वेळापत्रक ४५ मिनिटांचं धरा : १५ पहिल्या पडद्याला, ३० दुसऱ्याला. आणि त्याच आठवड्यात यंत्रावर परमँगनेटची पाच द्रावणं : ५०, १००, १५०, २०० आणि ३०० मायक्रोमोलार. ताजी करायची, कालची नकोत. परमँगनेट ठेवल्याठेवल्या कमी होतं. पडद्यावरची रेष आणि यंत्रावरची रेष एकाच आलेख कागदावर काढायला लावा. दोन्हींचा चढ जुळणार नाही, आणि तोंडी परीक्षेला विचारायचा प्रश्न तोच.