अलार्मवालं डिस्क लॉक: मुंबईत कुठे उपयोगाचं, कुठे नुसता गोंगाट

ऑनलाइन शोधा किंवा ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे विचारा, ‘110 डीबी अलार्म डिस्क लॉक’ (मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकच्या चकतीला लावायचं, हललं की वाजणारं कुलूप; डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाचं माप) म्हटलं की पाच-सहा नावांचे खोके समोर येतात. खोके वेगळे असले तरी आतलं कुलूप बहुतेक एकाच साच्यातलं असतं. मुठीएवढा धातूचा ठोकळा, मधे डिस्क, म्हणजे ब्रेकची भोकांची चकती, बसायची खाच, वरून दाबायचं किल्लीचं सिलिंडर आणि पोटात सहा बटणसेल. किंमत साधारण पाचशेपासून हजारापर्यंत. हा रिव्ह्यू कुठल्या एका ब्रँडचा नाही, या जातीच्या कुलपाचा आहे.

घ्यावं का? पुढच्या चाकाला डिस्क असेल आणि गाडी रात्री माणसांच्या कानाच्या टप्प्यात उभी राहत असेल, तर जरूर घ्या. स्टेशनबाहेरच्या पार्किंगला एवढ्यावर भागत नाही. आणि पुढे ड्रम ब्रेक असलेल्या स्प्लेंडरला किंवा स्कूटरला ते लावायला जागाच नाही, तिथे पैसे थेट साखळीत घाला.

गाडी जाते कशी हे आधी बघू. कंपनीच्या हँडल लॉकचा खिळा बारीक असतो, जोराच्या हिसड्याला तो दाद देतो. त्यानंतर इंजिन चालू करायचीही गरज नसते. एक जण चोरीच्या गाडीवर बसतो, दुसरा आपल्या गाडीवरून तिच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेतो. डिस्क लॉक नेमकं हे थांबवतं, कारण चाक पूर्ण फिरतच नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे दोघा-तिघांनी गाडी उचलून टेम्पोत टाकायची. स्प्लेंडर 112 किलोच्या आसपास, दोन धट्टेकट्टे गडी ती सहज उचलतात. बुलेट दोनशे किलोच्या घरात, तिला माणसं जास्त लागतात इतकाच फरक. इथे डिस्क लॉक फक्त ओरडतं, अडवत नाही.

आता ओरडण्याचं. खोक्यावर 110 डीबी छापलेलं असतं, पण किती अंतरावर मोजलं ते बहुधा छापत नाहीत. एक मीटर धरलं तरी उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डीबीने उतरतो, म्हणजे आठ मीटरवर 92 उरले. रात्री तीनला गिरगावातल्या वाडीत एवढ्याने तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत दिवे लागतात. संध्याकाळी सातला दादर स्टेशनबाहेर, फेरीवाले आणि बसच्या हॉर्नमध्ये, शेजारून जाणारा माणूस मागे वळूनही बघत नाही.

स्टेशनच्या पार्किंगची आणखी एक गंमत आहे. तिथे गाड्या दाटीने लावतात. आपली काढायची म्हणजे शेजारच्या दोन सरकवाव्या लागतात, आणि पार्किंगवाला तर दिवसभर हेच करत असतो. प्रत्येक धक्क्याला कुलूप बोंबलतं. दुपारपर्यंत लोक त्याला सरावतात आणि सेलही लवकर संपतात. अशा ठिकाणी अलार्म बंद ठेवून नुसतं कुलूप म्हणून लावा. बहुतेक मॉडेलांत सिलिंडरवर बाणाची खूण असते. ती एका बाजूला ठेवून दाबलं तर अलार्म चालू होतो, अर्धा फेरा उलटी फिरवून दाबलं तर नुसतं कुलूप लागतं. अलार्म चालू असला की पहिल्या धक्क्याला छोटी पीप येते आणि लगेच पुन्हा हललं तर साधारण दहा सेकंद सायरन वाजतो. दुकानात दोन्ही तऱ्हा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

विकत घेताना खरी गफलत होते ती पिनच्या, म्हणजे डिस्कच्या भोकात शिरणाऱ्या दांड्याच्या, मापात. पिना 5.5, 6, 7 आणि 10 मिलिमीटरच्या मिळतात. आपल्याकडच्या 150 ते 350 सीसीच्या बऱ्याच गाड्यांच्या डिस्कची भोकं लहान असतात, 10 ची पिन त्यांत शिरतच नाही. जाड पिन म्हणजे मजबूत कुलूप हे खरं, पण ते आपल्या डिस्कमध्ये बसलं तर. मोजायला वेगळ्या मापयंत्राची गरज नाही. हार्डवेअरवाल्याकडून 6 आणि 7 चे ड्रिल बिट घ्या आणि त्यांचा दांडा भोकात घालून बघा. दांडा मोकळा गेला पाहिजे. शिवाय डिस्कच्या कडेपासून भोक किती आत आहे तेही बघा, कारण कुलपाच्या खाचेची खोली तेवढी नसेल तर पिन भोकावर येतच नाही. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, खाचांची एक पातळ चकती दिसते. ती सेन्सरची रिंग, तिच्यात पिन कधीही घालू नका. ती वाकली की मीटरवर एबीएसचा दिवा लागून राहतो.

लावायची जागाही महत्त्वाची. कॅलिपर (डिस्कला चिमटणारा ब्रेकचा भाग) फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, मागच्या बाजूला असेल, तर कुलूप त्याच्या खालच्या अंगाला, जवळजवळ टेकवून लावा. गाडी पुढे गेली की चाकाचा मागचा भाग वर चढतो, त्यामुळे कुलूप लगेच कॅलिपरवर अडतं. कॅलिपर फोर्कच्या पुढे असेल तर उलट, त्याच्या वर लावा. यात चोरापेक्षा मालकाचा फायदा जास्त आहे. कुलूप काढायचं विसरून गाडी काढली तर ती दोन इंचांतच अडते. तेच कुलूप लांब लावलं असेल, तर चाकाला अर्धा-पाऊण फेरा गती मिळते आणि मग दणका बसतो. डिस्क वाकते, कॅलिपरचा ब्रॅकेट दुखावतो, गाडी आडवी होते ते वेगळंच. सोबत येणारी नारिंगी स्प्रिंगची दोरी याच साठी आहे. एक टोक कुलपाला, दुसरं ॲक्सिलरेटरच्या मुठीला. उन्हात ही दोरी वर्षभरात कडक होऊन तुटते, नवी स्वस्तात मिळते.

पावसाळा हा या कुलपाचा दुबळा भाग. ते जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या बाजूला पाणी तुंबलं की ते थेट पाण्याखाली जातं. मग एकतर आपोआप वाजत राहतं किंवा कायमचं गप्प होतं. सेलचं झाकण बारीक स्क्रूंनी बसवलेलं असतं. जून लागण्याआधी ते उघडून आतली रबरी रिंग जागेवर आहे का बघा, तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. किल्लीचं भोक जमेल तितकं खाली तोंड करून ठेवा. त्यात इंजिन ऑइल ओतू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड चालते. सेल एलआर44 जातीचे असतील तर सहाच्या सहा एकदम बदला. जुन्यात दोन नवे घातले तर जुने नव्यांनाही खाली ओढतात. खोक्यातून येणारे सेल बऱ्याचदा दुकानात पडून पडून अर्धमेले झालेले असतात, म्हणून आवाज पहिल्याच दिवशी बारीक वाटला तर कुलपाला शिव्या देण्याआधी सेल बदलून बघा.

टेम्पोवाल्यांवर उपाय म्हणजे साखळी, आणि ती गाडी कशाला तरी बांधणारी हवी. नागदेवी स्ट्रीटला साखळी वजनावर मिळते. 8 मिलिमीटरची मीटरला साधारण दीड किलो भरते, 10 ची सव्वादोनच्या आसपास. साध्या लोखंडाची 8 ची साखळी मोठ्या बोल्ट कटरपुढे टिकत नाही, कडक केलेल्या पोलादाची मागा. ओळखायला कानस फिरवा, साध्या लोखंडाला ती चावते, कडक पोलादावरून सटकते. साखळीचं कुलूप आधी घेऊ नका. साखळीची कडी सोबत न्या आणि तिच्यातून कुलपाचा आकडा जातो का ते दुकानातच बघा. साखळी मागच्या चाकातून आणि स्विंगआर्ममधून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यातून) घेऊन खांबाला किंवा ग्रिलला बांधा. पुढच्या चाकाला बांधली तर ॲक्सल काढून चाक तिथेच ठेवता येतं. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, फरशीवर टेकवून घाव घालायला आणि कटरला जोर लावायला ती सोयीची होते. वर घालायला पंक्चरवाल्याकडची जुनी सायकल ट्यूब उत्तम, फक्त तळाला दोन भोकं पाडा, नाहीतर आत पाणी साचून साखळी गंजते. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे यातलं काहीच फार वेळ टिकत नाही, पण त्याच्या आवाजाला आणि ठिणग्यांना आडोसा लागतो.

छुपा स्विच आणि जीपीएसबद्दल थोडक्यात. फ्युएल पंपाच्या वायरीत स्विच घालून गाडी चालू होणं थांबतं, ढकलत नेणं थांबत नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीत वायर कापली तर सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं. जीपीएस सतत बॅटरी खातो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर सेल्फ लागेल याची खात्री धरू नका.

गाडी जागेवर दिसली नाही तर आधी वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना हे बघा, मग 112. चोरीचे पैसे नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मिळत नाहीत, ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं) कव्हर लागतं. एफआयआरनंतर तपास लागला नाही तर पोलिसांचा ‘ए समरी’ अहवाल विमा कंपनी मागते, आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्याही मागते. त्यामुळे दुसरी किल्ली सीटखाली किंवा डिकीत ठेवू नका. डिस्क लॉकच्या किल्लीवर नंबर कोरलेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच स्वस्त कुलपांना नंबरच नसतो, दोन्ही किल्ल्या हरवल्या तर कुलूप कापूनच काढावं लागतं.